हाकेला ओ

१

नांदेडला उन्हाळा लागला की माझ्या टेबलावर एसीचे बोर्ड येऊन पडायला लागतात. हदगावहून, कंधारहून, पार अहमदपूरहूनसुद्धा. कोणीतरी एसटीच्या ड्रायव्हरकडे टॉवेलात गुंडाळून देतं, मी स्टँडवर जाऊन घेऊन येतो. बोर्ड बहुतेक वेळा बाहेरच्या युनिटचाच असतो. आतला डबा भिंतीवर ऐटीत गार हवा सोडत बसतो आणि बाहेरचा बिचारा उन्हात, धुळीत, कबुतरांच्या घाणीत राबतो. त्या बोर्डावर नखाएवढी एक चिप असते. तोच मशीनचा मेंदू. आणि मेंदूभोवती पहारेकरी बसवलेले असतात. एक करंट बघतो, एक व्होल्टेज बघतो, एक पाइप किती तापला ते बघतो. काही वावगं दिसलं की ते चिपला सांगतात आणि चिप मशीन थांबवते.

शेवटचा पहारेकरी मात्र खुद्द चिपवर लक्ष ठेवतो. चिपनं थोड्या थोड्या वेळानं त्याला एक टिचकी द्यायची, मी शुद्धीवर आहे म्हणून. टिचकी चुकली की तो कोणाला विचारत बसत नाही. टक् करून रिले, म्हणजे करंटचा खटका, पाडतो आणि सगळं बंद करून टाकतो.

गिऱ्हाइकाला हे पहारेकरी डोळ्यासमोर नको असतात. "विनोदभाऊ, सारखं बंद पडून राहिलंय, डायरेक्ट करून टाका ना," म्हणतात. डायरेक्ट करणं म्हणजे पहारेकऱ्याला खोटा निरोप द्यायचा. सेन्सर काढून तिथं साधा रेझिस्टर लावायचा. मग बाहेर पाइप पेटायला आला तरी चिपला वाटतं, सगळं आलबेल आहे. आमच्या धंद्यात सर्रास चालतं. मी शक्यतो करत नाही, आणि केलं तर दुसऱ्याच्या घरच्या मशीनला कधीच करत नाही.

२

आमच्या घरात आम्ही तिघं. बाबा, म्हणजे निवृत्ती, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. माय, पार्वतीबाई. आणि मी, ज्याच्या लग्नाचं बघून बघून नातेवाईक थकले. धाकटी बहीण बुद्धप्रिया, आमची प्रिया, लातूरला शाळेत शिकवते आणि फोनवरून आम्हा तिघांनाही शिकवते.

बाबा इन्सुलिनवर होते. त्यांची साखर न सांगता उतरायची. ना घाम, ना थरथर. बोलता बोलता माणूस गप्प व्हायचा आणि झोपल्यासारखा पडून राहायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, हाका मारत राहा, ओ आली नाही की लगेच तोंडात साखर घाला, उशीर झाला तर माणूस हातचा जाईल. उन्हाचं जपा, हेही सांगितलं होतं. म्हणून बाबांच्या खोलीत एसी बसवला.

मायचे गुडघे गेलेले. दर वेळी उठून खोलीत जाणं तिला जमायचं नाही. स्वयंपाकघरात बसल्या बसल्या ती हाक मारायची, "ऐकलं का वो?" खोलीतून बाबांची ओ यायची, "हाव." भाजी निवडता निवडता, भाकरी थापता थापता, दिवसभर हे चालायचं. मी मायची चेष्टा करायचो, की एसीच्या कंपनीनं पहारेकरी तुझ्याकडून बनवून घ्यायला पाहिजे होता. माय म्हणायची, "कंपनीला नवरा असंल तवा कळंल तिला."

एप्रिल महिन्यात आमचाच एसी बंद पडायला लागला. दुपारी, ऊन कडक झालं की मागच्या बोळात टक् असा आवाज व्हायचा, गार हवा थांबायची आणि माय हातपंखा घेऊन कशीबशी उठून बाबांच्या खोलीत जायची. थोड्या वेळानं मशीन आपोआप सुरू व्हायचं.

अशीच एकदा ती गेली, तर बाबांचे डोळे वर गेलेले. तिनं आरडाओरडा केला, मी धावलो, साखर चोळली, बाबा परत आले. माय घाम पुसत म्हणाली, "एसी बंद पडला म्हणून आले मी. न्हाई तर आलेच नसते. आत्ता तर हाव म्हणले होते."

"आधी म्हणले असतील," मी म्हणालो.

"आत्ता म्हणले. तिकडं टक् वाजलं, तवाच म्हणले."

मायला वेळेचं भान राहत नाही, असं मी धरून चाललो. त्या दिवशी ते सोयीचं होतं.

३

बोर्ड काढून दुकानात आणला. टेबलावर तो शहाण्या लेकरासारखा वागला. चिप शाबूत, करंट बरोबर, सेन्सर बरोबर. पंखा काय नि कॉम्प्रेसर काय, सगळं तिच्या हुकमात. घरी नेऊन बसवला की दुपारी पुन्हा टक्. शेवटी एका दुपारी बोळात स्टुलावर उभा राहून, मीटर लावून बघत बसलो. चिप काम करत असतानाच मध्येच तिची टिचकी चुकायची. का चुकते ते कळेना. इतकी वर्षं हे काम करतोय, पण एखाद्या बोर्डानं मला असं वेड्यात काढलं नव्हतं.

आत बाबा उकाड्यानं कण्हत होते. मी वैतागलो आणि जे दुसऱ्यांच्या घरी करत नाही ते स्वतःच्या घरी केलं. आगपेटीएवढा एक छोटा बोर्ड बनवला. त्याचं काम एवढंच, की न चुकता टिचक्या देत राहायच्या. चिपची वायर काढून त्याची वायर पहारेकऱ्याला जोडली. आता चिप शुद्धीवर असो नसो, पहारेकऱ्याला निरोप मिळणार होता, सगळं ठीक आहे. नवा बोर्ड मिळेपर्यंत चालून जाईल, असं म्हणालो.

एसी जो चालू झाला तो थांबलाच नाही. खोली गारेगार. बाबा पांघरूण मागायला लागले. मायला हातपंखा घेऊन उठायची गरज उरली नाही. ती हाक मारायची, ओ यायची, ती कामाला लागायची. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, चांगला आठवडाभर मी स्वतःवर खूश होतो.

मग एक दिवस बाबांना मी दहीभात भरवत होतो. घास तोंडात होता, गाल फुगलेला होता. स्वयंपाकघरातून मायची हाक आली, "ऐकलं का वो?"

"हाव," खोलीत आवाज आला.

बाबा घास चावत माझ्याकडं बघत होते. भात बाहेर सांडला नाही, जबडा थांबला नाही. मी चमचा तसाच धरून राहिलो. घशातल्या घशात बोलले असतील, असं मनाशी म्हणालो. म्हातारी माणसं बोलतात तशी.

पाणी पिऊन झाल्यावर बाबा हळूच म्हणाले, "विनू, तुझी माय रुसली का रे माझ्यावर?"

"काहून?"

"हाकच मारंना हल्ली. पहिलं दिवसभर हाका मारायची. आता लई दिवस झाले, एक हाक न्हाई."

मी हसलो. म्हणालो, आत्ताच तर मारली. तुम्ही ओ पण दिली.

बाबांनी थोडा विचार केला. "मी तर काही बोललो न्हाई," ते म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड करून पडले. मला त्यांची कीव आली. कान गेले, आता आठवणही चालली, असं वाटलं. कान तपासायचं प्रियाला सांगायला हवं, हे मनात टिपून ठेवलं.

४

प्रिया सुट्टी लागल्यावर लातूरहून आली आणि दुसऱ्याच दिवशी बाबांना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली. कान दाखवायचे, रक्त द्यायचं, सगळं एकदाच उरकू म्हणाली. मी दुकानाला दांडी मारून घरी होतो. बाबांची खोली झाडून काढावी, गादी उन्हात टाकावी, असा बेत होता. एसी चालूच होता. बाबा आले की खोली गार मिळावी म्हणून मायनं बंद करू दिला नाही.

गादी गच्चीवर टाकून मी खाली आलो आणि माजघरात पाणी पीत उभा राहिलो. स्वयंपाकघरात माय मेथी निवडत होती. तिथून मला तिची पाठ दिसत होती. दुसऱ्या बाजूला बाबांच्या खोलीचं दार उघडं होतं आणि लोखंडी पलंगाची उघडी पट्टी दिसत होती.

सवयीनं, मान वर न करता, माय म्हणाली, "ऐकलं का वो?"

"हाव."

मायचा हात मेथीच्या काडीवर थांबला. मी तांब्या खाली ठेवला, तेव्हा त्याचा आवाज होऊ नये म्हणून मी किती जपलो ते मला आठवतं. खोलीत गेलो. पलंग, बाबांची काठी, भिंतीवर तथागतांची तसबीर, कोपऱ्यात केरसुणी. एसीची झडप हळूहळू खाली वर होत होती. खोलीत फक्त थंडी होती. इतकी, की दातावर दात वाजावेत.

मी बाहेर आलो. माय पुन्हा मेथी निवडत होती, पण पानं कुठं टाकते आणि काड्या कुठं टाकते, तिचं तिलाच कळत नव्हतं.

"माय, तू ऐकलंस का?"

"भिंतीला सवय झाली असंल," ती म्हणाली. "इतक्या दिवसांची."

"भिंत बोलत असते का?"

"मंग काय म्हणू मी?" तिचा आवाज फाटला. "घरात दुखणाईत माणूस हाय. तूच सांग, काय म्हणू?"

शेजारच्या घरातला टीव्ही असेल, बोळातून कोणी गेलं असेल, अशी कारणं मी एकेक करून तपासली. बोर्ड तपासतो तशी. प्रत्येक कारण कुठंतरी तुटत होतं. तो आवाज बाबांचाच होता. शब्दाच्या शेवटी दम लागल्यासारखा जो हलका सुस्कारा बाबांना यायचा, तोही त्यात होता.

दवाखान्यातून आल्यावर प्रिया म्हणाली, "बाबांचे कान एकदम चांगलेत, दादा. डॉक्टर म्हणाले, तुमच्यापेक्षा चांगलं ऐकू येतं."

५

एसी कायमचा बंद करायचा, तर बाहेर ऊन असं, की बाबा दोन दिवस काढू शकले नसते. मायला विचारलं, तर ती म्हणाली, "गरमीनं मारतू का त्यास्नी?" मग ठरवलं, नवा बोर्ड आणायचा, सगळे पहारेकरी जसेच्या तसे बसवायचे आणि माझी ती आगपेटी काढून फेकायची. नांदेडात बोर्ड मिळेना. परत गेल्यावर प्रियानं लातूरहून शोधून एसटीनं पाठवला. तो येईपर्यंत मी दुकान अर्धवट उघडलं. जमेल तेवढा वेळ बाबांजवळ बसलो. माय हाक मारायची तेव्हा मी बाबांच्या ओठांकडं बघायचो. कधी ते हलायचे, कधी नाही. मायला मी सांगितलं, हाकेवर राहू नकोस, जाऊन बघत जा. ती जायची. गुडघे धरून, भिंत धरून जायची.

बोर्ड आला त्या दिवशी मी जेवणाआधीच कामाला लागलो. खोलीच्या दारातून म्हणालो, "बाबा, एसी जरा बंद करतो, थोडं गरम होईल." बाबा भिंतीकडं तोंड करून पडले होते. "हाव," असं ऐकू आलं. मायला सांगितलं, मी घरातच आहे, खोलीला लागूनच काम करतोय, तू भाकरी करून घे.

बोळात स्टूल ठेवलं, युनिटचं झाकण उघडलं आणि हात तसाच राहिला. माझा छोटा बोर्ड एका बाजूला लोंबत होता. त्याची वायर मुळापासून तुटली होती. नुसती तुटली नव्हती, तिच्या टोकाचं तांबं हिरवं पडलं होतं. म्हणजे तुटून बरेच दिवस झाले होते. चिपकडून टिचकी नाही, माझ्याकडून टिचकी नाही, आणि रिले मात्र घट्ट बसलेला. कॉम्प्रेसर मजेत चालू.

मी मीटर लावला. टिचक्या येत होत्या. मी बनवल्या होत्या तशा सारख्या अंतरानं नाही. मध्येच दोन लागोपाठ, मग बराच वेळ काही नाही, मग एक. आत स्वयंपाकघरात मायनं हाक मारली, "ऐकलं का वो?" आणि मीटरचा काटा उडाला.

भीती म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी मेन स्विच ओढला. पंखा फिरत फिरत थांबला. रिले पडला, टक्. बोळात एकदम शांतता झाली. मीटरच्या तारा अजून माझ्या हातात होत्या.

"ऐकलं का वो?" मायनं पुन्हा विचारलं. एसी थांबल्याचं तिला कळलं असणार.

"हाव."

आवाज खिडकीतून यायला हवा होता. तो उघड्या डब्यातून आला, माझ्या मनगटाला वारा लागावा इतक्या जवळून. शेवटचा सुस्कारा मला बोटांवर जाणवला.

मी स्टुलावरून पडलोच. उठून घराला वळसा घालून पळत खोलीत गेलो. बाबा तसेच होते, भिंतीकडं तोंड करून. खांदा धरून वळवलं तर अंग गार, जबडा घट्ट मिटलेला. गालावर चापट्या मारल्या. काही नाही.

"माय!" मी ओरडलो. "साखर आण! बाबा ओ देईनात!"

"बरं," स्वयंपाकघरातून ती म्हणाली. अगदी शांतपणे. आणि भाकरी थापल्याचा आवाज सुरू राहिला.

"माय, लवकर ये! रिक्षा बोलाव!"

"बरं बरं. पडू दे त्यास्नी जरा."

थप, थप, थप. मी बाबांना सोडून पळालो. स्वयंपाकघराच्या दारात पोचलो तेव्हा मायनं वर बघितलं, पिठाच्या हातानं कपाळावरचा घाम पुसला आणि हसली. कितीतरी दिवसांनी तिला असं निवांत बघत होतो.

"लागली ना झोप त्यास्नी?" ती म्हणाली. "बरं झालं."

"मी हाका मारून राहिलो तुला! साखर आण म्हणून!"

तिचा चेहरा बदलत गेला. "तूच तर म्हणलास की रे," ती म्हणाली. "झोपलेत, राहू दे, उठवू नको. दोनदा म्हणलास. तुझाच आवाज होता."

दवाखान्यात डॉक्टरांनी बाबांच्या पापण्या उचलून बघितल्या आणि खाली केल्या. बराच वेळ झालाय, म्हणाले. मी विचारलं, बराच म्हणजे किती. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी दारातून बोललो तेव्हा बाबांनी मान हलवली होती, की मी नुसतं "हाव" ऐकून निघून गेलो, हे मला आजही ठरवता येत नाही. ते ठरवता यावं म्हणून मी काय वाट्टेल ते देईन.

६

बाबांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मी एसी उतरवला. आतला डबा, बाहेरचा डबा, मधला पाइप, सगळं भंगारात घातलं. भिंतीचं भोक सिमेंटनं बुजवलं, वरून चुना मारला. प्रिया म्हणाली, लातूरला चला दोघंही. माय तयार झाली नाही. म्हणाली, या घरात त्यांचा आवाज हाय. तिला काय ऐकू येतं ते मी विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही. त्या खोलीला आता कुलूप आहे.

पण हाका मारायची मायची सवय गेली नाही. आता ती मला हाक मारते. मी अंगणात असलो, गच्चीवर असलो, पलीकडं टेबलावर एखादा बोर्ड उघडून बसलो असलो, की तिचा आवाज येतो, "विनू, हायस का रे?" घरात एकच माणूस उरलंय तिला, जीव टांगणीला लागतो, ते मला कळतं.

मी ओ देणं सोडून दिलंय. हाक आली की हातातलं काम टाकतो, उठतो आणि तिच्यापुढं जाऊन उभा राहतो. ती वर बघते, मी दिसतो, तेवढं तिला पुरतं आणि मलाही पुरतं. मी लवकर चालतो. घरही मोठं नाही.

तरी कधी कधी मी पोचतो तोवर ती समाधानानं पुन्हा कामाला लागलेली असते.